पाला, पाचट आणि काडेपेटी

गळीत हंगाम ऐन भरात आला, की आमच्या वसाहतीतली झाडेही आपला हंगाम सुरू करतात. माघ लागला, थंडी उतरणीला लागली, की पानगळ सुरू. शिशिर ऋतूचे वर्णन शाळेच्या पुस्तकात वाचताना बरे वाटायचे. पण ज्याच्या दारात एक विलायती शिरीष, दोन कडुनिंब आणि एक देशी बदाम आहे, त्याने शिशिराचे कौतुक जरा जपूनच करावे. शेतकी खात्याच्या माणसाने या दिवसांत पहाटे उठून तोडणीचा प्रोग्रॅम बघायचा, चिठ्ठ्यांची भांडणे सोडवायची, ओढ्यात रुतलेल्या ट्रॉलीपाशी उभे राहायचे, की दाताळे घेऊन अंगण ओढत बसायचे? पण हा प्रश्न झाडांना विचारून उपयोग नाही, आणि घरात विचारण्याची आमची छाती नाही.

"अहो, गावोगाव शेतकऱ्यांना शिकवत फिरता, एकदा आपल्या दारात बघा," हे वाक्य माघापासून फाल्गुनापर्यंत आम्ही रोज दोन वेळा ऐकतो. एकदा घरातून निघताना आणि एकदा परत येताना.

शेवटी गेल्या वर्षी माघातल्या एका रविवारी आम्ही कंबर कसली. रोपवाटिकेतून एक दाताळे मागून आणले. आता पाला गोळा करणे म्हणजे काय मोठी विद्या आहे, असे आपल्याला वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण दर झाडाच्या पानाचा स्वभाव निराळा. बदामाचे पान ताटाएवढे. ते दाताळ्यात ओढले जात नाही, दातांवर टोचून बसते. चार वेळा ओढले, की दाताळ्याला पानांची माळ लागते, मग थांबून एकेक पान हाताने काढायचे. शिरिषाचे पान त्याच्या उलट. इतके बारीक, की दाताळ्याच्या फटीतून सगळे मागेच राहते. आम्ही मोठ्या जोराने दाताळे पुढे ओढावे आणि मागे वळून बघावे, तो अंगण जसेच्या तसे. कडुनिंबाची काडी मातीत आडवी रुतून बसते. तिला खराटाच पाहिजे. म्हणजे एका अंगणाला तीन हत्यारे आणि एक माणूस.

दोन तासांत आम्ही छातीएवढा ढीग केला. घाम पुसला, चहा मागितला. चहा येईपर्यंत वसाहतीतल्या कोंबड्या आल्या आणि ढिगात पाय मारून किडे शोधू लागल्या. कोंबड्या हाकलल्या, तर रस्त्याच्या बाजूने एक वावटळ उठली. ती सरळ गेली असती तर आमची तक्रार नव्हती. पण ती वळून आमच्या फाटकातून आत आली, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि निम्मा ढीग घेऊन शेजारच्या अंगणात उतरली.

शेजारी प्रयोगशाळेतले गृहस्थ. त्यांच्या दारात एकही झाड नाही. ते बाहेर आले, पाल्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काय हो, तुमचा ऊस आमच्या गटात कसा?" आम्ही निमूटपणे त्यांच्या अंगणातला पाला ओढून परत आमच्याकडे आणला. वर पाहिले, तर बदामाने तेवढ्यात दहा पाने नव्याने टाकली होती. आमच्या अंगणाचे टनेज रोज वाढत होते, उतारा मात्र शून्य.

बरे, गोळा केलेला पाला टाकायचा कुठे? गटारात टाकला तर गटार तुंबते. पोत्यात भरून पाहिला. पाय देऊन दाबून सात पोती भरली. उचलली तर वजन नाही, आणि ठेवायला जागा नाही. होळी जवळ आली होती म्हणून वसाहतीतल्या पोरांना हाका मारल्या, "अरे, हा सगळा घेऊन जा." पोरांनी ढिगाची पाहणी केली. त्यातला म्होरक्या म्हणाला, "काका, पाला नको. एका मिनिटात फुर्र होतो. लाकडं हायत का?"

एका मिनिटात फुर्र होतो! हे वाक्य आमच्या कानात राहिले. संध्याकाळी वारा पडला. पाठ दुखत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तोडणीवर जायचे होते. आम्ही इकडे तिकडे पाहिले, खिशातली काडेपेटी काढली आणि काडी ओढली.

आबांचा प्रश्न

आता पुढची हकिगत सांगताना थोडा संकोच वाटतो. पण सभासदांपासून काय लपवायचे? आणि लपवून तरी काय उपयोग, कारण ती आमच्या आधीच गटागटांतून फिरून आलेली आहे.

तीनच दिवस अगोदर आम्ही एका गटसभेत पाऊण तास भाषण केले होते. विषय अर्थात "ऊस तुटल्यावर पाचट जाळू नका". पाचट जाळणे म्हणजे नोटा जाळणे, असे एक वाक्यही टाकले होते. त्यावर टाळ्या पडल्या होत्या. आणि त्या सभेत पुढच्या रांगेत बसलेले एक वयस्क सभासद, ज्यांना सारा गट आबा म्हणतो, ते नेमके त्याच रविवारी संध्याकाळी आपल्या उसाच्या तोडीची चौकशी करायला आमच्या फाटकात येऊन उभे राहिले. ढीग चांगला पेटला होता.

"सायेब, हाईत का घरात?"

"या आबा, या. बसा."

"बसतो की. पन ह्यो जाळ कसला म्हनायचा?"

"काही नाही, अंगणातला पाला होता, तेवढा…"

आबांनी धुराकडे पाहिले. टोपी काढून डोके खाजवले. मग अगदी सावकाश म्हणाले, "आमच्या शेतातला जळला की त्यो पाचट, आन् तुमच्या दारातला जळला की पाला व्हय?"

आम्ही चहा सांगितला. आबांनी चहा घेतला, तोडीची तारीख विचारून घेतली आणि गेले. पुन्हा त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढच्या गटसभेत आम्ही बोलायला उभे राहिलो, तोच मागून कुणीतरी म्हणाले, "साहेब, आदी अंगण दावा!" सभा हसली. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर विचार करू लागलो. ज्या माणसाला पाचटाची सगळी आकडेवारी तोंडपाठ आहे, ज्याचा पगार ते सांगण्यासाठी आहे, त्याने संध्याकाळच्या वेळी काडी का ओढली?

उत्तर सोपे होते. वेळ नव्हता, माणूस मिळत नव्हता, पाठ दुखत होती, ठेवायला जागा नव्हती, पाल्यात विंचूकाटा निघेल अशी घरात भीती होती, आणि काडी एका पैशाचीही पडत नाही. हीच कारणे सभासद आम्हाला वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आम्ही ती वहीत "शेतकऱ्यांची उदासीनता" म्हणून लिहीत आलो. उदासीनता कसली? दिवसभर दाताळे ओढलेल्या माणसाची ती पाठ होती.

थोडी घरची गोष्ट

पाचटाला लावलेली आग काय करते, हे आम्ही पदविकेच्या पुस्तकात शिकण्याआधी घरी पाहिले आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. वडिलांनी तुटलेल्या फडातले पाचट पेटवले. रीतीप्रमाणे कडेने पट्टा साफ केला होता, वाराही नव्हता. पण आग लागली की ती आपला वारा आपणच तयार करते. एक जळते पान उडाले, बांधापलीकडे गेले आणि चुलत्यांच्या उभ्या उसात पडले. तडतड आवाज सुरू झाला. आम्ही पोरे हिरवी डहाळी घेऊन आग झोडपत होतो. पाऊण एकर ऊस हातचा गेला.

जळालेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक वजन घटते, साखर घटते. चुलत्यांचा ऊस कसाबसा घाईने तोडून गेला. पैशाचे नुकसान वडिलांनी पुढे दोन वर्षांत फेडले. पण दोन्ही घरांचे बोलणे थांबले, ते आमच्या बहिणीच्या लग्नापर्यंत. त्या लग्नातही चुलते मांडवात आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. त्यांच्या रिकाम्या पाटाकडे वडील बराच वेळ बघत बसले होते. एका पानाची ही किंमत. हे आठवत असतानाही त्या रविवारी आमचा हात खिशात गेला, याचे आम्हाला जास्त वाईट वाटले.

तेव्हा आता पाचट ठेवण्याचीही आमची फजिती सांगून टाकतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. नोकरीला लागल्यावर चार-पाच वर्षांनी आम्ही थोरल्या बंधूंना निरोप धाडला, "दादा, यंदा खोडव्यात पाचट जाळू नका, तसेच ठेवा." बस, एवढेच. बाकी काही सांगितले नाही, कारण आम्हाला वाटले की पाचट ठेवायचे म्हणजे ठेवायचे, त्यात सांगण्यासारखे काय?

दादांनी शब्द पाळला. पाचट जिथे पडले होते तिथे ठेवले. बुडख्यांवर वीतभर थर. ना बुडखे मोकळे केले, ना वर युरिया टाकला. कोंब वर यायला धडपडत होते. जिथे थर जाड तिथे नांग्या पडल्या, जिथे कोंब आले तिथे पिवळे पडले. पाणी सरीत शिरले की पाचटाला अडून मध्येच उभे राही. दोन महिन्यांनी आम्ही सुट्टीवर गेलो, तर दादांनी बांधावर उभे करून फड दाखवला आणि म्हणाले, "तुझ्या पदविकेचा कागद ह्या पाचटात टाक. तो तरी कुजतोय का बघू."

कोंब पिवळे का पडले, हे तेव्हा आम्हाला समजायला हवे होते. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते. आपण वरून दिले नाही, तर ते जमिनीतले घेतात आणि तेवढे दिवस उसाला उपाशी ठेवतात. म्हणजे पंगतीत वाढपीच आधी जेवायला बसले! वाढप्यांचे पान वेगळे वाढले, तरच पाहुण्यांच्या पानात काही पडते. तो वेगळा वाढलेला घास म्हणजे पाचटावर टाकायचा युरिया.

पुढच्या वर्षी आम्ही चार दिवस रजा काढून गेलो आणि दादांबरोबर स्वतः पाचट ओढले. अंगणातला पाला म्हणजे त्याच्यापुढे पोरखेळ. दाताळे दर पावलाला बुडख्यात अडकायचे. पानाच्या कडेने हातावर चरे पडायचे, त्यात घाम झोंबायचा, अंगाला कूस लागून रात्रभर खाज. पहिल्या दिवशी दोघा भावांनी मिळून जेमतेम दहा गुंठे केले. संध्याकाळी दादा म्हणाले, "आता कळलं का, लोक काडी का लावतात?" कळले होते. पण बंधूंनो, तो खोडवा हिरवागार फुटला, हेही दोघांनी पाहिले.

पाचटात आहे काय

कोल्हापूर-सांगलीकडे पाला म्हणतात, पुणे-नगरकडे पाचट म्हणतात, वस्तू एकच. एकरी साधारण 3 ते 4 टन वाळलेले पाचट निघते. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद त्याच्या निम्म्याहून कमी आणि पालाश एक टक्क्याच्या आतबाहेर असतो. हिशेब करून पाहा. एका एकराच्या पाचटातले नत्र 15 ते 20 किलो, म्हणजे हल्लीच्या 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात असते त्याच्या जवळपास. पालाश 30 किलोच्या आसपास. आणि ज्याला पोत्यात बाजारभावच नाही असा सेंद्रिय कर्ब सुमारे एक टन.

हे सगळे पहिल्याच वर्षी उसाला मिळते असे नाही. पाचट सावकाश कुजते, सावकाश देते. पण काडी लावली की कर्ब आणि नत्र धुराबरोबर वर जातात, मागे थोडी राख उरते, तीही पहिल्या वाऱ्याला बांधापलीकडे. वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात ते वेगळेच. एके काळी गाडीगाडीने शेणखत पडत होते तेव्हा हे झाकून जात होते. आता दारात जनावरे किती आणि उकिरडे किती, ते आपण जाणताच. पाणी आणि रासायनिक खत यांचा मारा होऊन चोपण झालेल्या जमिनी आपल्या कार्यक्षेत्रात कमी नाहीत. त्या जमिनीला परत द्यायला घरचे, फुकटचे, शेतातच पडलेले खत हे एवढेच उरले आहे.

कसे करावे

पाडेगाव येथे 1932 साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील शिफारशी आणि आमची स्वतःची फजिती, दोन्ही जमेस धरून काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, खोडवा वेळेवर ठेवा. 15 फेब्रुवारीच्या आत तुटलेला ऊसच खोडव्याला घ्यावा. फडात काणी किंवा गवताळ वाढ दिसली असेल, तर तो खोडवा ठेवूच नये.

दुसरी, तोड होताच वाडे बांधून गेले की बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढा. बुडखा मोकळा दिसला पाहिजे. सगळे रान स्वच्छ करायला जाऊ नका, फक्त बुडखे उघडे करा. आमच्या अंगणात आम्ही हीच चूक केली. एकेक पान वेचत बसलो. पाचट सरीत जसे पडेल तसे पडू द्या. जिथे यंत्राने तोड झाली तिथे पाचट तुकडे होऊनच पडते, काम निम्मे होते. हाताने तुटलेल्या फडात ट्रॅक्टरवरचे कुट्टी यंत्र भाड्याने मिळत असेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून आणावे.

तिसरी, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. वर राहिलेल्या कांडीवरून फुटलेला कोंब जोमदार होत नाही. जाळल्याने खोडवा एकसारखा फुटतो, असे पुष्कळ जण सांगतात. एकसारखा फुटतो तो बुडखा मोकळा झाल्यामुळे. तेच काम कोयता करतो, आणि कोयता शेजारच्या फडात उडून जात नाही. छाटल्यावर शिफारशीप्रमाणे बुरशीनाशक फवारावे.

चौथी, म्हणजे वाढप्यांचे पान. पाचटावर एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट फोकावे. पाचट कुजवणारे जिवाणू 4 किलो, शेणखतात मिसळून विस्कटावे. मग पाणी द्यावे आणि पाचट मातीला चिकटू द्यावे. पाय देत सरीतून चालत गेले तरी चालते. घरातल्या पोरांना हे काम फार आवडते.

पाचवी, पाण्याची अडचण. पहिल्या एक-दोन पाळ्यांना पाणी सरीत अडखळते, हे खरे आहे. आम्ही ते नाकारत नाही. त्यावर साधा उपाय असा, की एकाआड एक सरीत पाचट भरावे आणि मोकळ्या सरीतून पाणी सोडावे. पट्टा पद्धत असेल तर पाचट पट्ट्यात टाकावे. पाचट एकदा दबले की त्रास कमी होतो, उलट ओल टिकून पाळी लांबते. तणही दबते, आमच्या बंधूंच्या रानात एक खुरपणी कमी झाली, तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या पदविकेबद्दल बरे बोलले.

सहावी, खत कुठून द्यायचे? पाचटावर फेकलेले खत वाया जाते. पहारीने द्या. बुडख्यापासून वीतभराच्या आत, वीतभर खोल भोक, आणि हातभर अंतरावर दुसरे. पहिला हप्ता तोडीनंतर 15 दिवसांत एका बाजूने, दुसरा साधारण 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूने. मग बांधणीची गरज पडत नाही.

राहिले सापकिरडू. पाचटात उंदीर येतो, उंदरामागे जनावर येते, ही भीती खोटी नाही. रात्री पाणी पाजायला जाताना बॅटरी आणि गुडघ्याएवढे बूट घेतल्याशिवाय जाऊ नका; ही सूचना पाचट नसलेल्या रानालाही लागू आहे. आणि शेजारी जाळणार असेल, तर आपल्या बांधालगतचा दोन सऱ्यांचा पट्टा पाचट हलवून मोकळा ठेवा. त्याच्याशी आधी जाऊन बोला. आग लागल्यावरचे बोलणे कसे होते, ते वर सांगितलेच आहे.

पुन्हा अंगणात

त्या रविवारनंतर आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली, एक खड्डा घेतला. पाला ओढून त्यात टाकू लागलो. थरावर थर, मध्ये मूठभर युरिया, शेणकाला आणि रोपवाटिकेतले उरलेले जिवाणू. आठवड्याला दोन बादल्या पाणी. ओला पाला वाऱ्याने उडत नाही, हा शोध आम्हाला चाळिशी उलटल्यावर लागला. कोंबड्या अजून येतात, पण त्या आता खड्डाच खालीवर करतात. त्यांना आम्ही विनावेतन मदतनीस समजतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आबा आले. काही कामाने नव्हे. सहज म्हणाले, पण सरळ खड्ड्याकडे गेले. काठी खुपसली, वर काढली, टोकाची माती बोटांत घेऊन चुरली आणि वास घेतला. आम्ही परीक्षेला बसल्यासारखे उभे.

"कुजलंय की वो," आबा म्हणाले.

"कुजणारच. पाला काय आणि पाचट काय."

आबा मिशीत हसले. "बरं. दहा गुंठं ठीवतो यंदा. बाकीचं जाळनार. आदीच सांगतो."

आम्हाला पूर्वी असे कुणी म्हटले असते, तर आम्ही पाऊण तास भाषण केले असते. आता म्हणालो, "चालेल. दहा गुंठे ठेवा. ओढायला आम्ही येतो."

आणि गेलो. यंदाच्या माघात त्यांची तोड झाली, त्याच आठवड्यात एका रविवारी दाताळे घेऊन आम्ही आबांच्या रानात होतो. आबा, त्यांचा नातू आणि आम्ही. दुपारपर्यंत दहा गुंठे झाले. हातावर चरे पडले, कूस लागली, पाठ धरली. बाकीचे रान अजून तसेच पडून आहे. आबांनी ते अद्याप पेटवलेले नाही. का, ते आम्ही विचारले नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, सगळे रान एकदम ठेवा असे आम्ही म्हणत नाही. दहा गुंठे ठेवून बघा. जिवाणू संवर्धकाची मागणी आपल्या गट कार्यालयात नोंदवावी. ओढायला माणूस मिळाला नाही, तर आम्हाला कळवावे. रविवार मोकळा असतो. निदान घरी तसे सांगून आम्हाला बाहेर पडता येईल, कारण हे लिहीत असताना बदामाने अंगणात पुन्हा ताटे मांडली आहेत. खराटा दाराशी टेकलेला आहे. काडेपेटी मात्र आता देवघरात असते, आणि ती मागितली, की कशाला हवी, हे आधी सांगावे लागते.

— ऊस विकास अधिकारी